गोठ्यापाशी दोन झाडं हिरवी होती: औसा तालुक्यातल्या नारळांचं एक प्रकरण

फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर चार फोटो आले. खाली एक ओळ होती, ‘झावळ्या पिवळ्या पडताहेत, काय द्यावं?’ पाठवणारे औसा तालुक्यातले निवृत्त शिक्षक. गावात लहानथोर सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही तेच म्हणतो. फोटो झाडाखाली उभं राहून, मोबाइल आभाळाकडे करून काढलेले. शेंड्याची पानं उन्हात फिकट दिसत होती, बाकीचं सगळं काळपट.

मी गाडीत होतो. ‘जमीन चुनखडीची आहे ना? मग लोहाची कमतरता दिसते,’ असं कळवून मोकळा झालो. आपल्याकडे काळ्या, चुनखडीच्या रानात मोसंबी पिवळी पडली की लोह, सोयाबीन पिवळं पडलं की लोह. हे इतकं तोंडात बसलंय की नारळाला वेगळं उत्तर असू शकतं, हे मनातच आलं नाही. गुरुजींनी गावच्या दुकानातून फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत, आणलं आणि आळ्यात ओतलं. दुकानदारानं जोडीला मॅग्नेशियम सल्फेटही दिलं. सव्वा महिना गेला, फरक शून्य. मार्चच्या अखेरीस मात्र मी स्वतः गेलो. ते आधीच करायला हवं होतं.

रान पाहिलं

अडीच एकर रान, मधे विहीर, उत्तरेला गोठा. बांधानं आणि विहिरीच्या कडेनं नारळाची ३८ झाडं. २००८ साली रत्नागिरीकडून आणलेली बाणवलीची रोपं. तिकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तांबडी जांभ्याची माती. इथं सरासरी आठशेच्या घरात पाऊस आणि खोल काळी. तरी झाडं जगली, कारण विहीर आटली तेव्हासुद्धा गुरुजींनी टँकर विकत घेऊन त्यांना पाणी घातलं. नारळाच्या खोडावर अशा गोष्टी लिहिलेल्या राहतात. जवळजवळ प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीला एक बारीक कंबर होती. तिथं हात ठेवून गुरुजी म्हणाले, ‘ही सोळा सालची.’ त्याच एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं.

आंब्याचं किंवा चिंचेचं खोड वर्षावर्षाला जाड होत जातं. नारळाचं तसं नसतं. शेंड्याच्या कोंबातून खोड जेवढं जाड बाहेर पडतं, तेवढंच ते कायम राहतं. दुष्काळात बारीक झालेला भाग पुढं कितीही खतपाणी दिलं तरी भरत नाही. म्हणून निदान करताना मी आधी खोड बघतो, झावळ्या नंतर. २०१६ ची कंबर सोडून वर नजर नेली तर खोड पुन्हा नीट जाड झालेलं होतं. आणि शेंड्याच्या खाली तीन-चार फुटांपासून ते परत निमुळतं होत गेलं होतं, तासलेल्या पेन्सिलीसारखं. एवढं खोड वाढायला इथं दोन-तीन वर्षं तरी लागतात. म्हणजे पिवळेपणा मागच्या पावसाळ्यात डोळ्यांना दिसला असला तरी झाड त्याच्या बऱ्याच आधीपासून उपाशी होतं.

आता झावळ्या. पिवळेपणा खालून वर चढत होता. सगळ्यात जुन्या झावळ्या पूर्ण पिवळ्या, मधल्या पोपटी, शेंड्याच्या हिरव्या पण बिनचमकेच्या. लोह कमी पडलं असतं तर हे उलटं दिसलं असतं. लोह झाडात जागा सोडत नाही, म्हणून तिथं नवीन पान आधी पिवळं पडतं. नत्र, म्हणजे नायट्रोजन, चालतं-फिरतं असतं. कमी पडलं की झाड ते जुन्या पानातून काढून कोवळ्या पानाला देतं. गंधक कमी असेल तरी कोवळ्या पानांपासूनच सुरुवात होते. फोटोत उन्हानं उजळलेला शेंडा बघून मी नेमका उलटा अर्थ लावला होता.

जुन्या पानांवर दिसणाऱ्या आणखी दोन कमतरता होत्या, त्या बाजूला काढायच्या होत्या. पालाश, म्हणजे पोटॅश, कमी असेल तर जुन्या पातीवर नारिंगी ठिपके येतात आणि टोक व कडा करपत जातात. एक पाती तोडून सूर्यासमोर धरली की ठिपके आरपार दिसतात. इथं ठिपका नव्हता. पाती मधल्या हिरीसकट सारख्या रंगाची, हळदीच्या पाण्यात बुचकळून काढल्यासारखी. मॅग्नेशियमला माझी एक साधी कसोटी आहे. एका झावळीवर दुसरी आडवी पडलेली जागा शोधायची. मॅग्नेशियम कमी असेल तर ऊन खाणारा भाग पिवळा आणि सावलीत झाकलेला पट्टा हिरवा राहतो. आम्ही शिडी लावून तीन ठिकाणी वरची झावळी उचलून पाहिली. खालीही तोच पिवळा. दुकानातलं मॅग्नेशियम का लागू पडलं नाही, ते तिथंच कळलं.

एवढं होऊनही मी पाण्यावर अडून बसलो होतो. नारळाच्या मुळांना श्वास मिळाला नाही तरी खालची पानं पिवळी पडतात, आणि काळी जमीन पाणी धरून ठेवते. गुरुजींचा सालगडी मघापासून मागं उभा होता. तो म्हणाला, ‘साहेब, गोठ्यापाशी दोन झाडं हाईत, ती बगितली का? त्येला काईच झालं नाई.’

गेलो. खरंच, दोन झाडं काळीभोर हिरवी. तीच रोपं, तेच वय, तीच माती, तेच पाणी. फरक एवढाच की गोठ्याची मोरी त्यांच्या आळ्याकडे उतरते आणि दोन म्हशी, एक बैलजोडी यांचं मूत्र, म्हणजे नत्रच, वर्षभर तिथं मुरतं. प्रयोगशाळेत महिनाभर घासूनही मिळाला नसता असा दाखला तिथं पंधरा वर्षं उभा होता. गुरुजी मात्र या दोन झाडांचं कौतुक ‘तिथली जागाच चांगली आहे’ म्हणून करत आले होते.

उरलेल्या ३६ झाडांतही दोन गट पडत होते. पश्चिमेच्या बांधावरची आठ फिकट, पण बरी. बाकीची २८ वाईट. या आठ झाडांना काय केलं नाही, असं विचारलं. गुरुजी म्हणाले, ‘त्यांच्या आळ्यात पाचट गाडलं नाही.’

आळ्यात काय होतं

जानेवारी २०२२ मध्ये ऊस तुटून गेल्यावर गुरुजींनी पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, जाळलं नाही. चांगलंच केलं. पण आच्छादन म्हणून वर अंथरण्याऐवजी ते त्यांनी आळ्यात खणून मातीत मिसळलं, झाडाला सुमारे ४० किलो. ‘कुजून खत होईल म्हटलं.’

आम्ही एक आळं उकरलं. वीतभर खाली पाचट जसंच्या तसं, राखी रंगाचं, त्यावर बुरशीचे पांढरे धागे. वास कुजल्याचा नाही, ओल्या गवताचा. उसाच्या पाचटात नत्राच्या एका भागाला कर्बाचे शंभराच्या आसपास भाग असतात. ते कुजवणारे जिवाणू वीस-पंचवीसला एक या प्रमाणावर खूश असतात. कमी पडणारं नत्र ते भोवतालच्या मातीतून उचलतात, आणि या ओढाताणीत मुळापेक्षा जिवाणू नेहमी चपळ ठरतात. ते नत्र नाहीसं होत नाही. पाचट कुजलं, जिवाणू मेले की परत मातीत येतं. पण तोवर झाड उपाशी. म्हणूनच उसात पाचट कुजवताना टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू खत टाकायला सांगतात. गुरुजींनी उसाचा सल्ला ऐकला होता, त्यातला युरिया तेवढा गळाला.

तरी सगळं खापर पाचटावर फोडता येत नव्हतं. पाचट सव्वा वर्षापूर्वीचं, आणि खोड त्याच्याही आधीपासून निमुळतं. मग गुरुजींना मागचं विचारत बसलो. २०१९ पर्यंत झाडांच्या मधल्या जागेत काकू वांगी, मेथी, मिरची करायच्या. भाजीला शेणखत पडायचं, त्यात नारळाचाही घास असायचा. काकूंचे गुडघे धरले, भाजी बंद झाली आणि शेणखताची सगळी ट्रॉली उसाकडे जाऊ लागली. त्यानंतर नारळाच्या वाट्याला वर्षातून एकदा मूठ-दोन मूठ युरिया, तोही ठिबकच्या तोंडाशी, खोडाला चिकटून, मातीच्या वर. चुनखडीच्या, आठच्या वर सामू (पीएच) असलेल्या जमिनीत वर टाकलेल्या युरियाचा बराच भाग अमोनिया होऊन हवेत उडून जातो. उरला तो खोडाच्या बुडाशी, जिथं खाणारी मुळं फारशी नसतात. नारळाची कामाची मुळं खोडापासून दोन मीटरपर्यंत पसरलेली असतात. दोन ड्रिपर २००८ साली रोपाशी लावले होते, ते २०२३ मध्येही तिथंच होते. पंधरा वर्षांच्या माणसाला अंगड्या-टोपड्यात बसवावं तसं.

आणि पिवळी झावळी दिसली की सालगडी ती कोयत्यानं उतरवायचा, बाग स्वच्छ दिसावी म्हणून. पिवळी झावळी ही झाडाची मोडायला काढलेली ठेव असते. ती पूर्ण सुकण्याआधी कापली की ठेवही जाते आणि झाड वरच्या झावळीला हात घालतं.

तपासणी

नजरेनं ठरलं तरी आकडा हवा होता. नारळात नमुना चौदाव्या झावळीचा घेतात. शेंड्याची पूर्ण उघडलेली पहिली झावळी एक, तिथून खाली मोजत यायचं. मोजणी चुकते म्हणून दुसरी खूण लक्षात ठेवायची. नुकती उमललेली पोय, म्हणजे नारळाचा फुलोरा, साधारण दहाव्या झावळीच्या बेचक्यात असते आणि मुठीएवढी फळं चौदाव्याच्या. उपाशी झाडावर मुठीएवढं फळच सापडत नाही, तेव्हा बोटानं मोजण्यावाचून इलाज नाही. झावळीच्या मधोमध दोन्ही बाजूंच्या तीन-तीन पाती घेतल्या, प्रत्येकीचा मधला दहा सेंटिमीटरचा तुकडा ठेवला, हीर काढून टाकली, ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवलं. तिन्ही गटांचे नमुने वेगळ्या कागदी पिशव्यांत भरले. प्लास्टिकमध्ये नमुना घामेजतो.

चौदाव्या झावळीत १.८ टक्क्यांच्या खाली नत्र गेलं की कमतरता धरतात. गोठ्यापाशी १.९५ निघालं, पाचट न घातलेल्या आठ झाडांत १.६१, पाचटवाल्यांत १.३८. पालाश आणि मॅग्नेशियम तिन्ही गटांत पुरेसं. मातीचा सामू ८.३, मुक्त चुना ११ टक्के, सेंद्रिय कर्ब ०.४१ टक्के, उपलब्ध नत्र हेक्टरी १५७ किलो. २८० च्या खाली कमी धरतात. पालाश मात्र ५६० किलो, भरपूर.

अहवाल वाचून गुरुजींनी पहिला प्रश्न विचारला, ‘मग फेरसचे पैसे कोणी खाल्ले?’ मी माझ्याकडे बोट केलं.

काय दिलं

कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेची मोठ्या झाडाची सर्वसाधारण शिफारस वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) आणि १२०० ग्रॅम पालाश अशी आहे. पालाशचा तो मोठा आकडा पावसानं धुतलेल्या किनारपट्टीच्या जमिनींना धरून आहे. आमच्या काळीत पालाश मुळातच आहे, म्हणून मी तो, म्हणजे दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशचं खत, एक किलोवर आणला. अगदी बंद केला नाही. नत्र वाढवलं की झाडाची पालाशची भूक वाढते, आणि नारळ फळाबरोबर पालाश उचलून नेतो. स्फुरदासाठी दोन किलो सुपर फॉस्फेट.

५०० ग्रॅम नत्र म्हणजे जवळपास १ किलो १०० ग्रॅम युरिया. तो चार हप्त्यांत, एका वेळी पावणेतीनशे ग्रॅम. पाचटवाल्या २८ झाडांना त्याशिवाय पाचटाच्या वाट्याचा ३२० ग्रॅम युरिया एकदाच, जिवाणू खताबरोबर. गुरुजींना एका दमात सगळं द्यायचं होतं. ‘एवढी भूक आहे तर पोटभर वाढा की.’ पण जे नत्र मूळ लगेच उचलू शकत नाही ते या जमिनीत एकतर उडतं, नाहीतर पाण्याबरोबर खाली जातं. वाढून ठेवलेलं ताट झाकता येत नाही.

पद्धतीवर मी जास्त अडून बसलो. खोडापासून सव्वा ते पावणेदोन मीटरवर गोल चर, वीतभर खोल. त्यात खत टाकायचं, त्याच तासाला मातीनं झाकायचं आणि त्याच दिवशी पाणी द्यायचं. दोन ड्रिपरच्या जागी खोडापासून एक मीटरवर नळीचं वेटोळं करून त्यावर सहा ड्रिपर. आळ्यातलं वरचं अर्धं पाचट बाहेर ओढून आच्छादन म्हणून पसरलं. खालचं तसंच राहू दिलं, कारण ते उपसताना कोवळी मुळं तुटत होती. झाडामागे ५० किलो कुजलेलं शेणखत. एवढ्यातून अडीचशे ग्रॅमच्या आसपास नत्र येतं, पण ते सावकाश सुटतं. पहिल्या वर्षी मी त्याच्या भरवशावर नव्हतो. मला ते सेंद्रिय कर्बासाठी हवं होतं. अर्धवट कुजलेलं शेण आळ्यात नको, हे बजावून सांगितलं. त्यात गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात आणि मग शेंडाच जातो.

जूनमध्ये आळ्यात हिरवळीच्या खतासाठी ताग पेरायचा आणि फुलावर आला की तिथंच गाडायचा. बांधावर गिरीपुष्पाच्या फांद्या रोवायच्या. गिरीपुष्पाचा पाला कोवळा, नत्रानं भरलेला असतो, तो पाचटासारखा उसनं मागत नाही. आणि पिवळी झावळी पूर्ण वाळून लोंबेपर्यंत कोयता लावायचा नाही. हे शेवटचं सालगड्याला पटायला सगळ्यात जड गेलं.

पुढे काय झालं

पहिला हप्ता एप्रिल २०२३ मध्ये दिला, दुसरा जुलैत. ऑगस्ट इतका कोरडा गेला की ताग गुडघ्याच्या वर आलाच नाही. तिसरा हप्ता ठिबकवर तगला. नारळाला महिन्याला साधारण एक नवी झावळी येते, म्हणून दिवाळीपर्यंत शेंड्यात सहा-सात नव्या झावळ्या दिसत होत्या. लांब, चमकदार, रंग जवळजवळ गोठ्यापाशच्या झाडासारखा. मधल्या पोपटी झावळ्या परत हिरव्या झाल्या. सगळ्यात खालच्या झाल्या नाहीत, वाळून गळाल्या. दोन रंगांची झाडं बघून गावात कोणीतरी विचारलं म्हणे, ‘गुरुजी, वरून कलम केलं का?’

मार्च २०२४ मध्ये पुन्हा पानं तपासली. पाचटवाल्या गटात १.७४, त्या आठ झाडांत १.८६. पाचटाच्या वाट्याचा युरिया अर्थातच परत दिला नाही.

नारळ मात्र वाढले नाहीत. गुरुजींनी वहीत झाडवार तोडणी लिहून ठेवली होती आणि ती माझ्यासमोर उघडून ठेवली. मागच्या वर्षी जेवढे, तेवढेच. हे मी आधी सांगितलं होतं, पण सांगणं आणि वहीत बघणं यात फरक असतो. पोय शेंड्याच्या आत रुजते ती उमलण्याच्या सुमारे ३२ महिने आधी, आणि उमललेल्या पोयीतलं फळ पिकायला आणखी अकरा-बारा महिने. २०२४ ला तोडलेला नारळ आत धरला गेला तो २०२० च्या आसपास, भाजी बंद झाली होती तेव्हा. उपाशी वर्षांत धरलेल्या पोया अजून एकेक करून बाहेर यायच्या आहेत. मी गुरुजींना नारळ न मोजता पोयीतली मादी फुलं मोजायला सांगितलं. ती संख्या बरीच नंतर ठरते, त्यामुळे बदल आधी तिथं दिसतो. पहिल्या भेटीत एका पोयीला पाच-सहा होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये बऱ्याच झाडांवर पंधराच्या पुढं गेली.

नाल्याकडेची तीन झाडं मात्र ऐकायला तयार नाहीत. ती पाचटवाल्या गटातलीच, त्यांना तेच खत, तेवढंच पाणी. आधी सुधारल्यासारखी झाली, मग सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीच्या अतिवृष्टीनंतर पुन्हा पिवळी पडली. तिथं उकरलं तर मुळं तांबूस-पांढरी नाहीत, काळी आणि चिमटीत साल निघणारी. पाणी तुंबण्याची माझी जुनी शंका सगळ्या ३८ झाडांना लागू नव्हती, या तिघांना होती. एकाच रानात एकाच रंगाची दोन दुखणी असू शकतात, हे बघायला मला दीड वर्ष लागलं. तीन फूट खोल चर काढून नाल्याला जोडलाय आणि त्या झाडांचा युरिया थांबवलाय, कारण तुंबलेल्या मातीत नत्र वायू होऊन निघून जातं आणि कुजलेलं मूळ ते उचलतही नाही.

सालगड्यानं या तीन झाडांच्या खोडाला चुन्यानं पट्टे ओढून ठेवलेत, चुकून खत पडू नये म्हणून. मार्चमध्ये त्यांचा नमुना वेगळ्या पिशवीत घ्यायचा आहे.